कोंब आणि कुंपण : विद्वत्परिषदेच्या नीतीचा प्रश्न

१

विद्वत्परिषद ही संस्था आधुनिक ज्ञानव्यवहारात इतकी रूढ झाली आहे की तिची उपयुक्तता, तिचा खर्च आणि तिची फलश्रुती यांविषयी पुष्कळ बोलले जाते. तिच्या नीतीविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. परिषदेत निरनिराळ्या अधिकाराची माणसे एका छताखाली येतात. काहींच्या नावावर ग्रंथसंपदा असते, पदे असतात, नेमणुका करण्याचे वा अडवण्याचे सामर्थ्य असते. काहींच्या हाती एक अपुरा प्रबंध आणि पंधरा मिनिटांची वेळ एवढेच असते. युक्तिवादाचे वजन तो मांडणाऱ्याच्या पदावर अवलंबून नसते, हे ज्ञानव्यवहाराचे गृहीततत्त्व आहे. आणि सभागृहातील आसनव्यवस्थेपासून प्रश्नोत्तरांच्या क्रमापर्यंत सर्व काही या गृहीततत्त्वाच्या विरुद्ध साक्ष देत असते. परिषदेच्या नीतीचा प्रश्न या विसंगतीतून उद्भवतो. त्याचे सर्वांत तीव्र रूप असे मांडता येईल : ज्या पूर्वसूरींच्या खांद्यावर एखादे अभ्यासक्षेत्र उभे आहे, त्यांच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे सत्य एखाद्या नवसंशोधकाच्या हाती लागले, तर त्याचे कर्तव्य कोणते? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अशा वेळी ज्येष्ठांचे कर्तव्य कोणते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भारतीय परंपरेत एक नेमकी परिभाषा उपलब्ध आहे. न्यायदर्शनाने कथेचे, म्हणजे शास्त्रीय चर्चेचे, तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णय हे ज्याचे प्रयोजन तो वाद. विजय हे ज्याचे प्रयोजन तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ प्रतिपक्षाचे खंडन करणे ही वितंडा. मराठीने 'वितंडवाद' असा एक सामासिक शब्द घडवून ज्या दोन गोष्टी शास्त्रकारांनी काळजीपूर्वक वेगळ्या केल्या होत्या त्या एकत्र बांधून टाकल्या. चर्चेच्या नीतीविषयीची आपली बेफिकिरी या शब्दात दिसते असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात या परिभाषेला नैतिक आशय देणारी दोन विधाने आहेत. पहिले विधान वाद कोणाशी करावा हे सांगते : शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि श्रेयाची इच्छा करणारे असे जे असूयारहित असतील त्यांच्याशी. या यादीत शिष्याला गुरूच्या जोडीने स्थान आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुसरे विधान जल्प आणि वितंडा यांना पूर्णतः त्याज्य ठरवीत नाही. बीजातून फुटलेल्या कोंबाच्या रक्षणासाठी जसे काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग करावा, असे ते सांगते. म्हणजे कठोर प्रतिवादालाही जागा आहे. मात्र कुंपण कोणाभोवती घालायचे हे ठरलेले आहे. ते कोंबाभोवती घालायचे असते. वाढलेल्या वृक्षाला त्याची गरज नसते. विद्वत्परिषदेची नीती पारखण्याची कसोटी या दृष्टान्तातून मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साहित्यसमीक्षेचा इतिहास ज्यांनी घडवला अशा अटलांटिकच्या दोन तीरांमधील दोन परिषदांना ही कसोटी लावून पाहता येईल.

२

१९६६ च्या ऑक्टोबर महिन्यात, १८ ते २१ या तारखांना, अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 'समीक्षेच्या भाषा आणि मानवविषयक विज्ञाने' या विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिषद झाली. रिचर्ड मॅक्सी, युजेनिओ दोनातो आणि रेने जिरार हे तिचे सूत्रधार होते. फोर्ड फाउंडेशनचे अर्थसाहाय्य होते. फ्रान्समध्ये प्रभावी ठरलेल्या संरचनावादाची अमेरिकी विद्वानांना ओळख करून द्यावी, हा उद्देश होता. रोलाँ बार्थ, जाक लाकां, ल्युसियाँ गोल्डमन, जॉर्ज पुले, जाँ-पिएर व्हेर्नां, जाँ इपोलित अशी मंडळी महासागर ओलांडून आली होती. त्यांच्यात सत्तावीस वर्षांचा त्स्वेतान तोदोरोवही होता. बल्गेरिया सोडून पॅरिसला येऊन त्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती. अमेरिकेसह नऊ देशांतील शंभराहून अधिक अभ्यासक उपस्थित होते.

परिषदेच्या अखेरच्या दिवशी जाक देरिदा यांनी निबंध वाचला. त्यांचे वय तेव्हा छत्तीस वर्षांचे होते आणि अमेरिकेत त्यांचे नाव जवळजवळ अपरिचित होते. ज्या तीन ग्रंथांमुळे ते पुढे जगभर ओळखले गेले ते १९६७ साली, म्हणजे परिषदेनंतर, प्रसिद्ध झाले. संरचनावादाच्या स्वागतासाठी भरलेल्या या सभेत त्यांनी संरचनेच्या संकल्पनेतील 'केंद्र' या कल्पनेलाच हात घातला आणि क्लोद लेवी-स्त्रोस यांच्या लेखनातून ती कल्पना आतूनच कशी ढासळते हे दाखवले. यजमानांनी ज्या विचाराच्या आगमनासाठी मंडप घातला त्याच विचाराच्या मर्यादा त्याच मंडपात सांगितल्या गेल्या. परिषदेचे निबंध १९७० साली ग्रंथरूपाने आले. १९७२ च्या आवृत्तीत संपादकांनी मूळ शीर्षक मागे घेऊन 'संरचनावादविषयक वाद' अशा अर्थाचे शीर्षक पुढे आणले. परिषदेने आपल्या गृहीताचा पराभव आपल्या इतिवृत्तातच नोंदवला. हे कमी प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे.

या प्रसंगातील एक तपशील नीतिदृष्ट्या विशेष महत्त्वाचा आहे. निबंधानंतरच्या चर्चेत पहिला प्रश्न विचारला तो जाँ इपोलित यांनी. हेगेलचे थोर भाष्यकार असलेले इपोलित हे, ज्यांच्याकडे देरिदांनी आपल्या प्रबंधाची नोंदणी केली होती, ते मार्गदर्शक. त्यांनी शिष्याच्या मांडणीविषयी कौतुकाचा शब्द काढला, पण ते कौतुकावर थांबले नाहीत की त्यांनी त्याला दटावलेही नाही. 'केंद्र' म्हणजे नेमके काय, बीजगणितातील वा भौतिकशास्त्रातील संरचनांना ही कल्पना कशी लागू करावी, असे त्यांनी विचारले. समजून घेऊ पाहणाऱ्याने विचारावे तसे विचारले. उत्तरादाखल देरिदांनी, आपण कोठे जात आहोत हे आपल्यालाही ठाऊक आहे की नाही, अशी शंका मोकळेपणाने व्यक्त केली. न्यायदर्शनाच्या परिभाषेत हा शुद्ध वाद होय. गुरूने शिष्याकडून पराभवाची इच्छा धरावी, असे आपल्याकडील एक सुभाषित सांगते. त्या सुभाषिताचा व्यवहारातील अर्थ असा की, शिष्याला न कळलेल्या वाटेने चालण्याची मुभा असावी आणि गुरूने त्याच्यामागून प्रश्न विचारीत यावे.

तथापि या परिषदेतही एक त्रुटी राहिली. ज्यांच्या ग्रंथांचे खंडन झाले ते लेवी-स्त्रोस तेथे उपस्थित नव्हते. पूर्वपक्ष मांडला गेला तो उत्तरपक्षकर्त्याच्या तोंडून. लेवी-स्त्रोस जिवंत होते, लिहिते होते, त्यांना उत्तर देणे शक्य होते, म्हणून ही त्रुटी फार गंभीर ठरली नाही. परंतु अनुपस्थिताविषयी बोलताना कोणती बंधने पाळावीत, हा प्रश्न मात्र तेथे पेरला गेला. एकवीस वर्षांनी तो अतिशय दारुण स्वरूपात उगवला.

३

बाल्टिमोरला देरिदा यांची ज्यांच्याशी पहिली भेट झाली त्यांत पॉल द मान हे होते. दोघेही त्या वेळी रूसोच्या भाषेच्या उगमाविषयीच्या निबंधावर काम करीत होते, आणि या योगायोगातून एक दीर्घ बौद्धिक मैत्री जन्माला आली. द मान यांचा जन्म १९१९ सालचा, अँटवर्पचा. १९४८ साली ते अमेरिकेस आले, १९६० साली त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली, कॉर्नेल आणि पुढे येल विद्यापीठात अध्यापन केले. अमेरिकेतील विरचनावादी समीक्षेचे ते सर्वांत अधिकारी प्रतिनिधी मानले जात. २१ डिसेंबर १९८३ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या कठोर, निरलंकृत वाचनपद्धतीचा आदर त्यांच्या विरोधकांनाही वाटत होता.

१९८७ साली ऑर्टविन द ग्राफ हा बेल्जियममधील लुव्हेनचा तरुण संशोधक द मान यांच्यावर प्रबंधलेखन करीत होता. त्याचे वय चोवीसच्या आसपास होते. द मान यांच्या आरंभीच्या लेखनाचा शोध घेत असता, नाझी अंमलाखाली असलेल्या बेल्जियममध्ये त्यांनी केलेले वृत्तपत्रीय लेखन त्याच्या हाती आले. 'ल स्वार' हे ब्रुसेल्सचे वृत्तपत्र जर्मनांनी ताब्यात घेऊन सहकार्यवाद्यांकरवी चालवले होते. डिसेंबर १९४० ते नोव्हेंबर १९४२ या काळात द मान यांनी त्यात सुमारे १७० लेख लिहिले होते. काही लेखन फ्लेमिश भाषेतील एका नियतकालिकातही केले होते. यांतील बहुसंख्य लेख म्हणजे ग्रंथपरीक्षणे व संगीतविषयक टिपणे होती. परंतु ४ मार्च १९४१ च्या अंकात, ज्यूविरोधी मजकुराला वाहिलेल्या पानावर, समकालीन साहित्यातील ज्यूंविषयी त्यांचा लेख होता. युरोपीय साहित्यावर ज्यूंचा प्रभाव क्षुल्लकच आहे, आणि ज्यूंना युरोपपासून दूर एखाद्या वसाहतीत वसवले तरी पाश्चात्त्य साहित्याचे त्यात काही शोचनीय नुकसान होणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

हे लिहिणाऱ्याचे वय एकवीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १९४२ च्या ऑगस्टपासून, बेल्जियममधील मेखेलेन येथून ऑश्वित्झकडे गाड्या सुटू लागल्या. त्या गाड्यांतून पंचवीस हजारांवर ज्यूंना नेण्यात आले. द मान यांचे 'ल स्वार'मधील लेखन त्यानंतरही काही महिने चालू होते.

एका नवसंशोधकाने या कागदांचे काय करावे? ज्याच्या ग्रंथांवर त्याचा प्रबंध उभा होता त्याच लेखकाविषयीचा हा पुरावा होता. ज्यांच्या शिफारशीवर त्याचे भवितव्य अवलंबून असू शकत होते, ते सर्व त्या लेखकाचे मित्र, सहकारी वा शिष्य होते. त्याने शोध लपवला नाही आणि तो वृत्तपत्रांकडे धावतही गेला नाही. त्याने या क्षेत्रातील ज्येष्ठांकडे विचारणा केली. सॅम्युएल वेबर यांच्यामार्फत १९८७ च्या ऑगस्टमध्ये ही वार्ता देरिदांपर्यंत पोहोचली आणि त्यांतील सुमारे पंचवीस लेखांच्या प्रती त्यांच्या हाती आल्या.

४

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अलाबामा राज्यातील टस्कलूसा येथील विद्यापीठात विद्यापीठीय संस्थांच्या स्वरूपाविषयी एक परिषद होती. देरिदांनी त्या निमित्ताचा उपयोग करून, जमलेल्या सुमारे वीस सहकाऱ्यांना त्या लेखांच्या प्रती दिल्या आणि तीन तासांहून अधिक वेळ त्यांवर चर्चा झाली. हे लेखन समग्र स्वरूपात सर्वांना उपलब्ध व्हावे, असे ठरले. १ डिसेंबर १९८७ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी छापली आणि त्यानंतर काही काळ शांतपणे विचार करणे कोणालाच शक्य राहिले नाही. १९८८ साली द मान यांचे १९३९ ते १९४३ मधील वृत्तपत्रीय लेखन मूळ छापील स्वरूपातच ग्रंथबद्ध झाले. १९८९ साली त्यावरील प्रतिक्रियांचा जाडजूड खंड निघाला.

टस्कलूसाच्या त्या बैठकीचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पुरावा दडपला गेला नाही, तो समग्र प्रकाशित करण्याचा निर्णय ज्येष्ठांनीच घेतला, ही पहिली गोष्ट. वादाची पहिली अट पूर्वपक्ष संपूर्ण मांडणे ही असते. निवडक उताऱ्यांवर खटला चालवू न देता संपूर्ण दप्तर वाचकापुढे ठेवण्याने ती अट पुरी झाली. एका तरुण अभ्यासकाच्या शोधाला मिळालेला हा योग्य प्रतिसाद होता.

परंतु त्यानंतर जे घडले त्यात वादाचे रूपांतर पाहता पाहता जल्पात आणि वितंडेत झाले. एका पक्षाने, ज्यांना विरचना आधीपासूनच खुपत होती अशांनी, हा एक लेख म्हणजे संपूर्ण पद्धतीच्या नैतिक दिवाळखोरीचा पुरावा ठरवला. या पक्षाला स्वतःचा कोणताही सिद्धान्त मांडायचा नव्हता. म्हणून ती वितंडा. दुसऱ्या पक्षाने आपल्या वाचनकौशल्याची सारी शर्थ त्या लेखाचा दंश कमी करण्यासाठी खर्च केली. देरिदांनी १९८८ साली 'क्रिटिकल इन्क्वायरी'मध्ये लिहिलेल्या दीर्घ लेखात लेखाच्या निष्कर्षाला अक्षम्य म्हणण्यास कसूर केली नाही; परंतु त्याच लेखाने ज्यूद्वेषाच्या 'ग्राम्य' रूपावर टीका केली आहे, या सूत्रावरून त्यात एक प्रच्छन्न प्रतिकारही वाचता येईल, असे त्यांनी सुचवले. १९८९ साली त्याच नियतकालिकात आलेल्या आक्षेपांना त्यांनी दिलेले उत्तर अधिकच कडवट होते. काट्यांचे कुंपण उभे राहिले खरे. पण ते कोंबाभोवती न राहता वठलेल्या वृक्षाभोवती उभे राहिले. ज्या तरुण संशोधकाच्या प्रश्नाने हे सारे सुरू झाले तो प्रश्न, म्हणजे या लेखकाचे पूर्वीचे आणि नंतरचे लेखन एकत्र कसे वाचावे हा प्रश्न, गदारोळात मागे पडला.

तो प्रश्न पुन्हा हाती घेतला तो द ग्राफ यांनी स्वतःच. १९९३ आणि १९९५ साली त्यांचे द मान यांच्यावरील दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यांत फिर्यादीची घाई नाही आणि वकिलीचा आवेशही नाही. आरंभीच्या लेखनापासून पुढच्या सिद्धान्तापर्यंतची वाट चिकाटीने वाचून काढण्याचा प्रयत्न आहे.

५

या प्रकरणातून उपस्थित होणाऱ्या तीन आक्षेपांचा विचार येथे केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, मृताला उत्तर देता येत नाही. म्हणून त्याच्याविषयी असे काही उकरून काढणे अनुचित होय. गुरुऋणाच्या भावनेने ओथंबलेल्या समाजात हा आक्षेप प्रभावी वाटतो. परंतु ऋण या कल्पनेचा नीट विचार केला तर तो टिकत नाही. परंपरेने सांगितलेले ऋषिऋण फेडायचे असते ते अध्ययनाने. ज्या व्यक्तीकडून ज्ञान मिळाले तिच्या कीर्तीची राखण केल्याने ते फिटत नाही. मिळालेले ज्ञान तपासून पुढे दिल्याने ते फिटते. मृताचा हक्क एवढाच की, त्याला संपूर्ण वाचले जावे, तोडून-मोडून वाचले जाऊ नये. त्याला वाचूच नये असा हक्क त्याला नसतो. शिवाय येथे खरा अनुपस्थित कोण, हाही प्रश्न आहे. द मान यांना बोलण्यासाठी जवळजवळ चार दशके मिळाली होती. १९५५ साली हार्वर्डमध्ये त्यांच्याविरुद्ध निनावी तक्रार झाली तेव्हा त्यांनी एका पत्रात 'ल स्वार'मधील लेखनाची त्रोटक कबुली दिली. पण ते १९४१ मध्येच थांबल्याचे भासवले आणि त्यानंतर जाहीरपणे ते मौनच राहिले. ज्यांना बोलण्याची संधी कधीच मिळाली नाही ते मेखेलेनहून निघालेल्या गाड्यांत होते.

दुसरा आक्षेप वयाचा. एकवीस वर्षांच्या नवख्या लेखकाच्या स्खलनाला किती महत्त्व द्यावे? या आक्षेपात करुणा आहे, आणि करुणेला न्यायात स्थान असतेच. तारुण्याने दोषाची तीव्रता कमी होते, हे मान्य करता येईल. परंतु तारुण्याने हिशेब रद्द होतो असे म्हटले, तर त्याची किंमत अन्यत्र मोजावी लागेल. छत्तिशीतील देरिदांचा निबंध गांभीर्याने घ्यावा, चोविशीतील द ग्राफ यांचा शोध गांभीर्याने घ्यावा, असे म्हणणाऱ्याला एकविशीतील द मान यांचा लेख पोरकटपणा म्हणून सोडून देता येणार नाही. नवोदिताच्या शब्दाला वजन असते असे मानायचे, तर त्या शब्दाची जबाबदारीही मानावी लागते. 'तो तेव्हा लहान होता' हे वाक्य वरवर उदार दिसले तरी ते सर्वच नवोदितांचे बोलणे हलके ठरवते.

तिसरा आक्षेप सैद्धान्तिक आहे : लेखकाच्या चरित्राने त्याचा सिद्धान्त खोटा वा खरा ठरत नाही. हे तत्त्वतः मान्य केलेच पाहिजे. द मान यांच्या वाचनपद्धतीची ग्राह्याग्राह्यता १९४१ च्या वृत्तपत्रावरून ठरणार नाही. ती वादातच ठरेल. परंतु जेथे सिद्धान्ताचा विषयच कबुली हा आहे तेथे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. रूसोने सोळाव्या वर्षी, १७२८ मध्ये, तुरिन येथे नोकरीत असताना एक फीत चोरली आणि पकडला जाताच आळ घेतला तो मारियाँ या तरुण स्वयंपाकिणीवर. त्या प्रसंगाच्या 'कन्फेशन्स'मधील कबुलीवर द मान यांनी १९७७ साली निबंध लिहिला, तो १९७९ च्या 'अ‍ॅलेगरीज ऑफ रीडिंग' या ग्रंथाच्या अखेरीस समाविष्ट झाला. क्षमायाचनेची भाषा यंत्रवत चालते, ज्या अपराधाची क्षमा मागायची तो अपराध ती स्वतःच निर्माण करते, 'मारियाँ' हे नाव उच्चारण्यामागे काही हेतू होता असे मानण्याचे कारण नाही, अशी त्याची दिशा आहे. हा युक्तिवाद अद्यापही विचारार्ह आहे. तथापि १९८७ नंतर तो वाचणाऱ्याला मारियाँचा विसर पडणे कठीण आहे. तिची नोकरी गेली, आणि तिचे पुढे काय झाले हे रूसोलाही ठाऊक नव्हते. नाव निर्हेतुकपणे उच्चारले गेले असेल. ज्याचे नाव उच्चारले जाते त्याला भोगावे लागते ते मात्र निर्हेतुक नसते, वास्तव असते. सिद्धान्ताला एवढा प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अवमान नव्हे.

६

या सर्व प्रकरणात महासागराचे स्थान काय? एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात समुद्र ओलांडणाऱ्याला परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. समुद्रगमनाने मनुष्य दूषित होतो अशी समजूत होती. द मान यांच्या बाबतीत उलट घडले : समुद्र ओलांडताच मनुष्य निष्कलंक झाला. वस्तुतः त्यांचे लेख कोठेही दडवलेले नव्हते. ते बेल्जियममधील ग्रंथालयांत पडून होते. परंतु द मान यांचे वाचक अमेरिकेत होते आणि 'ल स्वार'च्या फायली युरोपात होत्या. दोन खंडांमधील बौद्धिक देवघेव सिद्धान्तांची झाली, त्या सिद्धान्तांमागील जीवनाची झाली नाही. बाल्टिमोरच्या सभागृहात विचार विमानाने आला. वृत्तपत्रांची बाडे मागेच राहिली. ती दोन टोके एकत्र आणली ती कोण्या मान्यवर प्राध्यापकाने नव्हे. केंद्रापासून दूर असलेल्या, पण दोन्ही तीरांवरील कागद वाचू शकणाऱ्या एका विद्यार्थ्याने ती आणली.

अशा मधल्या स्थानाचे दुसरे उदाहरण भारतीय वाचकाला अधिक जवळचे आहे. कोलकात्यात जन्मलेल्या गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक १९६१ साली कॉर्नेलला गेल्या आणि येट्सवरील त्यांचा प्रबंध द मान यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. बाल्टिमोरची परिषद झाली तेव्हा त्या आयोवा विद्यापीठात नव्याने शिकवू लागल्या होत्या. त्यानंतर काही काळाने, लेखकाविषयी काहीही माहिती नसताना, केवळ सूचीतील नोंद पाहून त्यांनी देरिदांचा एक फ्रेंच ग्रंथ मागवला. १९७६ साली त्यांचा इंग्रजी अनुवाद 'ऑफ ग्रामॅटॉलॉजी' दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला, आणि इंग्रजीतून वाचणाऱ्या जगाला, त्यात मराठी समीक्षाही आली, देरिदा उपलब्ध झाले. मान्यवरांच्या सभेत जे घडले ते जगापर्यंत पोहोचवले ते त्या सभेत नसलेल्या, अल्पपरिचित, परदेशातून आलेल्या तरुण अध्यापिकेने. मराठीत 'विरचना', 'चिन्हमीमांसा', 'संहिता' हे शब्द आज सहज वापरले जातात, त्यामागे अशा वाटा आहेत.

म्हणून नवसंशोधकाला परिषदेत जागा देणे हा औदार्याचा प्रश्न नाही. ज्या ठिकाणी तो उभा असतो तेथून काही गोष्टी दिसतात, आणि त्या केंद्रस्थानी बसलेल्यांना दिसत नाहीत. भारतीय विद्यापीठांत २०१० च्या विनियमांनी परिषदेतील निबंधवाचनाला गुण जोडले. त्यानंतर निबंधांची संख्या वाढली. निबंध ऐकणाऱ्यांची वाढली असे म्हणता येत नाही. मराठी विभागांच्या चर्चासत्रांतही उद्घाटन आणि बीजभाषण लांबते, नवोदितांचे निबंध भोजनोत्तर सत्रात घाईने उरकले जातात आणि प्रमाणपत्रे मात्र वेळेवर मिळतात. येथे कोंबाला कोणी तुडवीत नाही, हे खरे. त्याच्याकडे कोणी पाहतच नाही. ज्या वाचनाला प्रश्नच विचारला जात नाही, त्यातून पूर्वसूरींना प्रश्न विचारण्याचे धैर्य कसे निर्माण होणार? आणि ते निर्माण झालेच, तर मार्गदर्शकाच्या मार्गदर्शकाविषयी काही अप्रिय कागद हाती आलेल्या विद्यार्थ्याने कोणाकडे जावे, याचे उत्तर आपल्या व्यवस्थेत आहे काय?

द ग्राफ यांनी ज्येष्ठांना विचारले, यात सौजन्य होते. परंतु विचारणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे, आणि ज्येष्ठांनी ते तसे समजूही नये. 'प्रसिद्ध कर, संपूर्ण प्रसिद्ध कर, आणि त्यापुढील वादात तू आमच्या बरोबरीचा आहेस' एवढेच उत्तर अशा वेळी देण्याजोगे असते. यातील पहिले दोन भाग १९८७ मध्ये पाळले गेले, तिसरा निसटला. शिष्याला वादातला समान पक्षकार मानणे हेच सर्वांत अवघड असते. न्यायसूत्रांनी असूयारहिततेची अट नेमकी तेथे घातली, याचे कारण शास्त्रकारांना विद्वानांचा स्वभाव माहीत असावा. इपोलित यांनी बाल्टिमोरमध्ये विचारलेला प्रश्न म्हणूनच स्मरणात ठेवण्याजोगा आहे. त्यांना शिष्याचे म्हणणे पुरते समजले नव्हते, आणि हे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. परिषदेच्या नीतीचा आरंभ एवढ्या साध्या कृतीपासून होऊ शकतो.